तिसऱ्या रकान्यातली क्रियापदे : कामातील धोके ओळखण्याच्या तक्त्याचे एक वाचन



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कारखान्यातल्या सुरक्षेवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. यंत्रशास्त्रावर आम्ही व्याख्यान देणार नाही. आम्ही आज एका मजकुराची समीक्षा करणार आहोत. कवितेची, कादंबरीची समीक्षा आपल्याकडे भरपूर होते. अर्ज, तक्ते, नियमावल्या यांची कोणी करत नाही. वास्तविक कादंबरी फसली तर वाचकाची एक दुपार वाया जाते. हा मजकूर फसला तर कोणाची तरी बोटे जातात.

मजकूर असा. अलीकडे बऱ्याच कारखान्यांत एखादे काम हाती घेण्याआधी तीन रकान्यांचा एक तक्ता भरतात. त्याला 'जॉब सेफ्टी ॲनालिसिस' म्हणतात, तोंडी 'जेएसए'. पहिल्या रकान्यात कामाच्या पायऱ्या, दुसऱ्यात प्रत्येक पायरीतला धोका, तिसऱ्यात त्यावरचा उपाय. कल्पना उत्तम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. देकार्तने १६३७ साली आपल्या पद्धतीचे जे चार नियम सांगितले, त्यातला दुसरा हाच : अवघड गोष्टीचे जमतील तितके तुकडे करा आणि एकेक सोडवा. म्हणजे या तक्त्याची वंशावळ चांगली आहे. आमची तक्रार तो भरला कसा जातो आणि त्याची भाषा काय करते, याबद्दल आहे. निवृत्तीनंतर सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने बोलावणी येत गेली आणि असे तक्ते आम्हाला पुष्कळ वाचायला मिळाले. वाचता वाचता लक्षात आले की कारखाने वेगळे, कामे वेगळी, पण तिसरा रकाना सगळीकडे एकाच माणसाने लिहिल्यासारखा आहे.

उदाहरण पॉवर प्रेसचे घेऊ. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठेही जा, पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या लहान शॉपमध्ये हे यंत्र असतेच. मोठे चाक सतत फिरत असते. पायाखालचे पेडल दाबले की क्लच गुंततो, रॅम खाली येतो, पंच डायवर बसतो आणि पत्र्याचा तुकडा हव्या त्या आकारात कापला किंवा वाकवला जातो. कामगाराने पत्रा आत ठेवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचे, तयार नग उचलायचा. दर पाच सेकंदांना एक नग धरला तर तासाला ७२०, आठ तासांत ५,७६०. जेवणाची सुट्टी वजा करा. तरी पाच हजारांच्या आसपास वेळा हात आत जातो आणि बाहेर येतो. एका पाळीत.

आता तक्ता कसा असतो? पायरी : पत्रा डायवर ठेवणे. धोका : हात चिरडणे. उपाय : हात दूर ठेवावा, कामाकडे लक्ष द्यावे, हातमोजे वापरावेत.

झाले. तीन ओळी. वाचताना वाटते की सगळे आले. आपण एकेक रकाना जरा सावकाश वाचू.

पहिल्या रकान्यात जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते महत्त्वाचे. नग डायमध्ये अडकतो, तो पेचकसाने उचकटावा लागतो. ही पायरी तक्त्यात नसते. डाय बदलणे, बदललेली डाय जुळते का ते चाक हाताने फिरवून बघणे, चिकटलेली चकती काढणे, वीज गेली आणि परत आली तेव्हा काय करायचे, यांतले काही नसते. का नसते? कारण तक्ता भरणारा मनात काम आदर्श रूपात पाहतो आणि आदर्श कामात नग अडकतच नाही. फ्रेंच कार्यशास्त्रज्ञांनी यासाठी एक चांगला भेद केला आहे : नेमून दिलेले काम आणि प्रत्यक्षातले काम. पहिले कागदावर असते, दुसरे कामगाराच्या हातात. हे दुसरे काम पाहायचे तर प्रेसजवळ अख्खी पाळी उभे राहावे लागते आणि चालवणाऱ्याला विचारावे लागते, 'भाऊ, दिवसातून कितीदा अडकतो हा?' केबिनमध्ये बसून गेल्या वर्षीच्या तक्त्यावर नवी तारीख टाकून ते दिसत नाही.

दुसरा रकाना. इथे आपली मराठीही थोडी आड येते. 'धोका' या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो : इजा करू शकणारी वस्तू किंवा ऊर्जा, ती इजा होण्याची शक्यता, आणि प्रत्यक्ष इजा. (फसवणूक हा चौथा अर्थही आहे, पण तो राहू द्या.) 'धोका : हात चिरडणे' असे लिहिले तेव्हा धोक्याच्या नावाखाली आपण इजा लिहिली. धोका तर वरून येणारा रॅम आहे. फरक शब्दच्छलाचा नाही. वाक्याचा नायक कोण ते इथे ठरते. 'हात चिरडणे' म्हटले की नायक हात झाला. मग उपायही हातालाच सांगितला जाणार : दूर राहा, जपून राहा, मोजा घाल. त्याऐवजी लिहा, 'पेडल न दाबता रॅम दुसऱ्यांदा खाली येणे.' आता उपाय सांगायचा तर यंत्राला सांगावा लागतो.

आणि असे घडते, बरे का. जुन्या पिन क्लचच्या किंवा की क्लचच्या प्रेसमध्ये पिन झिजली, स्प्रिंग मोडली तर एकदा पेडल दाबून रॅम दोनदा येतो. शॉपमध्ये याला सरळ 'डबल स्ट्रोक' म्हणतात. कामगाराने पूर्ण लक्ष देऊन, नियम पाळून, रॅम वर गेल्यावरच हात आत घातलेला असतो. अशा वेळी 'कामाकडे लक्ष द्यावे' या उपदेशाचा अर्थ काय राहिला? आणि हातमोजा? दहा टनांच्या प्रेसखाली कापडी मोज्याने काय वाचणार?

आता तिसरा रकाना, आमच्या आवडीचा. त्यातली क्रियापदे पाहा. ठेवावा. द्यावे. वापरावेत. घ्यावी. सगळा विध्यर्थ. त्याहून अधिकृत दिसायचे असेल तर 'दक्षता घेण्यात यावी'. घेण्यात यावी, पण कोणी? मराठी व्याकरण इथे कर्ता गाळण्याची मुभा देते आणि तक्ता भरणारा ती पुरेपूर घेतो. कर्ता गाळला की तो नाहीसा होत नाही, ज्याच्या हातात कागद दिला जातो त्याच्या अंगावर जाऊन बसतो. 'यंत्राला जाळी बसवावी' यातही कर्ता नाही, हे खरे. पण ते काम कामगार करू शकत नाही हे कोणालाही कळते, म्हणून मग कर्ता शोधावाच लागतो. तिसऱ्या रकान्यात असली वाक्ये दुर्मीळ असण्याचे कारण आम्हाला तरी हेच दिसते.

उपायांना क्रम असतो, हे सुरक्षाशास्त्राने केव्हाच सांगितलेले आहे. २०१८च्या आयएसओ ४५००१ या मानकात तो स्पष्ट दिला आहे. आधी धोका मुळातच काढून टाकता येतो का ते पाहा. नाहीतर कमी धोक्याचे काही त्याच्या जागी आणता येते का. तेही नाही तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये यंत्रानेच आडकाठी घाला. त्यानंतर नियम, प्रशिक्षण, सूचना. आणि सर्वांत शेवटी हातमोजे, चष्मे, टोप्या. प्रत्यक्षातले तक्ते हा जिना खालून चढायला लागतात आणि पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच दमतात.

ही सवय आली कुठून? तिच्यामागे एक पुस्तक आहे. हर्बर्ट हाइनरिख हा अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीचा अधिकारी. १९३१ साली त्याचे औद्योगिक अपघात टाळण्याविषयीचे पुस्तक आले. त्याने ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासून सांगितले की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के यंत्राच्या किंवा जागेच्या असुरक्षित स्थितीमुळे आणि उरलेले २ टक्के अटळ. हा ८८चा आकडा जगभर फिरला आणि आजही आपल्याकडच्या भाषणांतून फिरतो. कोणी त्याचे ९० करते, कोणी ९५.

आकडा मिळवला कसा ते पाहा. नोंदी होत्या विमा कंपनीच्या दाव्यांच्या आणि कारखान्यांनी दिलेल्या. त्या लिहिलेल्या देखरेख करणाऱ्यांनी. जखमी माणसाने लिहिलेल्या नव्हेत. शिवाय प्रत्येक अपघात एकाच खान्यात टाकायचा, माणूस किंवा यंत्र, अशी वर्गवारी. ज्या अपघाताला दोन्ही कारणे आहेत त्याला जागाच नाही. ही वर्गवारी तर्कदृष्ट्या सदोष आहे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. हाइनरिखवर अन्याय नको. यंत्रावर संरक्षक आवरण असले पाहिजे हे तोही आग्रहाने सांगत होता. त्याच्या वाचकांनी मात्र सोयीचा आकडा तेवढा उचलला.

इथे आपल्या घरचे थोडे शास्त्र कामाला येते. न्यायदर्शनात कारण कशाला म्हणावे याची कडक चर्चा आहे. जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि 'अन्यथासिद्ध' नसते, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे आधी असूनही हिशेबात न धरण्यासारखे. विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेदा'त याची पाच उदाहरणे आहेत. घट घडवायला माती, चाक, दांडा, कुंभार लागतात. पण दांड्याचे दांडेपण, दांड्याचा रंग, आकाश, कुंभाराचा बाप आणि माती वाहणारे गाढव, ही घटाची कारणे नव्हेत.

अपघाताचा चौकशी अहवाल आता या डोळ्यांनी वाचा. 'कारण : कामगाराचा निष्काळजीपणा.' मग झिजलेली पिन काय झाली? दांड्याचा रंग. संरक्षक जाळी न घेण्याचा निर्णय? तो फार मागचा, म्हणून कुंभाराचा बाप. आठ तासांचे बारा तास झाले होते? ते गाढव. सगळे अन्यथासिद्ध ठरवून बाजूला केले आणि कारण म्हणून उरला तो एक हात.

आम्ही म्हणतो, उलटे करून पाहा. पाच हजार वेळा हात आत-बाहेर करणाऱ्या माणसाचे लक्ष पाच-पन्नास वेळा तरी उडणारच. रोज उडते, सगळ्यांचे उडते आणि बहुतेक वेळा काही होत नाही. लक्ष उडणे हे आकाशासारखे आहे. घटाच्या आधी ते असते खरे, पण ते कशाच्या आधी नसते? (आकाश अन्यथासिद्ध का, याचे शास्त्रातले उत्तर याहून सूक्ष्म आहे. जाणकारांनी आज सोडून द्यावे.) जे नेहमीच असते त्याने आजचाच अपघात का झाला हे सांगता येत नाही.

मग सांगता कशाने येते? नैयायिकांचे उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटते. आग जाळते. पण चंद्रकांत मणी जवळ ठेवला तर, या शास्त्रकारांच्या समजुतीप्रमाणे, ती जाळत नाही. मीमांसक म्हणाले, मण्याने आगीतली शक्ती नष्ट केली. नैयायिक म्हणाले, शक्ती वगैरे मानायची गरज नाही. मणी हा प्रतिबंधक आहे, आणि प्रतिबंधकाचा अभाव हेही जळण्याचे एक कारणच आहे. अभाव हे कारण! प्रेसवर जाळी नसणे ही नुसती पार्श्वभूमी नव्हे, ते कारणसामग्रीत बसलेले खरे कारण आहे, रॅमइतकेच. अहवालात त्याला स्वतःची ओळ मिळाली पाहिजे.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. लिहिणारे स्वतः शॉप चालवतात असे दिसते. म्हणतात, 'सर, आमच्याकडे गार्ड आहे, कामगारच काढून ठेवतात.' प्रश्न प्रामाणिक आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. गार्ड काढून ठेवतात, सेन्सरला तार बांधतात, दोन हातांच्या बटणांपैकी एकात पाचर मारतात. हे सर्रास होते. याचेही उत्तर त्याच चर्चेत आहे. मणी जवळ असतानाही आग जाळते असे कोणी दाखवले, तेव्हा नैयायिक म्हणाले, तिथे आणखी एक वस्तू असणार, 'उत्तेजक'. उत्तेजक असला की मणी असून नसल्यासारखा. मग या शॉपमधला उत्तेजक कोणता, तो शोधा. नगावर मजुरी आहे का? गार्ड लावल्यावर तासाला ७२०चे ५०० होतात का? झालेच तर ठरलेला आकडा कमी केला होता का, की तोच ठेवला? गार्डची जागा अशी आहे का, की अडकलेला नग काढायला दर वेळी चार बोल्ट उघडावे लागतात? कंत्राटी पोऱ्या आज गार्ड लावून हळू चालला तर उद्या त्याला ठेकेदार आणील का? गार्ड कामगाराने काढला हे मान्य. उत्तेजक तिथे कोणी ठेवला, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि अहवाल त्याच्या आधी संपतो. एक साधी गोष्ट विचारतो : काढलेला गार्ड यंत्राशेजारी भिंतीला टेकवलेला महिनाभर दिसत होता ना? सुपरवायझर तिथूनच जात होता ना?

आणि सगळेच मणी खरे नसतात. हल्ली प्रेसपुढे प्रकाशाचा पडदा बसवतात; हात मध्ये आला की यंत्र थांबते. उत्तम साधन आहे. पण ज्या जुन्या क्लचला एकदा गुंतल्यावर पूर्ण फेरी केल्यावाचून सुटताच येत नाही, त्या प्रेसवर हा पडदा बसवून उपयोग काय? हात दिसला तरी रॅम मधेच थांबू शकत नाही. तिथे बंद जाळी हवी, किंवा हात आत जावाच लागणार नाही अशी पत्रा सरकवण्याची सोय. चुकीच्या प्रेसवरचा पडदा म्हणजे मण्याच्या जागी काच.

प्रेसवरून आता एकदम भोपाळला जाऊ, कारण 'कोणाचा हात' हा प्रश्न किती दूर नेतो ते तिथे दिसते. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. कसे शिरले यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते, नळ्या धुण्याचे काम चालू होते आणि त्यापूर्वी नळीत जी बंद चकती, स्लिप ब्लाइंड, घालायची ती घातली नव्हती. कंपनी म्हणत राहिली, एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी घातले. वर्षानुवर्षे वाद चालला तो त्या हाताचा. पण दोन्ही कथांमध्ये काही गोष्टी सारख्याच आहेत. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. ती थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन् महिने बंद होती. गॅस जाळून टाकणारी ज्योत दुरुस्तीसाठी नळीपासून सोडवलेली होती. प्रतिबंधकांचे अभाव एकावर एक रचलेले होते. हात कोणाचाही असो, हे अभाव त्या हाताचे नव्हते. ब्रिटिश रसायन-अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ याने १९७८मध्येच आपल्या एका लेखाला मथळा दिला होता, त्याचा आशय असा की जे जवळ ठेवलेलेच नाही ते गळणार कसे. मिथाइल आयसोसायनेट हा मधल्या टप्प्यावरचा पदार्थ. तो इतका साठवायचा कशाला, हा प्रश्न कोणत्याही नळी धुणाऱ्याच्या तक्त्यात येऊ शकत नव्हता. त्याच्या हातात तो प्रश्न नव्हताच.

भोपाळनंतर १९८७मध्ये आपल्या कारखाने अधिनियमात सुधारणा झाली आणि कलम ७-अ आले. त्याचे वाक्य आम्हाला व्याकरणासाठी आवडते. त्यात कर्ता आहे : भोगवटादार. त्याने कामगारांच्या सुरक्षेची खात्री करायची आहे. अर्थात 'वाजवी रीतीने शक्य तितकी' अशी पळवाटही सोबत आहे. कलम २१ मात्र आधीपासून कडक : यंत्राचा धोकादायक भाग मजबूत आवरणाने झाकलेला पाहिजे आणि यंत्र चालू असेतो ते आवरण जागेवर पाहिजे. इंग्लंडच्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर १९५५मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला आला होता. ग्राइंडरच्या चाकावर कामगाराचा अंगठा दुखावला. मालक म्हणाला, चाक पूर्ण झाकले तर ते वापरताच येणार नाही. न्यायालयाने तो बचाव मानला नाही. आता १९४८च्या या कायद्याची जागा २०२०ची संहिता घेते आहे. तिच्यातही कर्तव्ये मालकाच्या नावावर मांडलेली आहेत. म्हणजे कायद्याच्या वाक्यात कर्ता आहे आणि शॉपमधल्या तक्त्यात तो गळतो. मधल्या वाटेत कुठेतरी हे भाषांतर होते.

या तक्त्याच्या तळाशी एक ओळ असते : 'वरील सूचना वाचल्या व समजल्या.' खाली कामगाराची सही किंवा अंगठा. तक्ता बहुधा इंग्रजीत. प्रेसवर उभा मुलगा बीडचा, नाहीतर बिहारचा. सही झाली की कागद फायलीत जातो आणि अपघात झाला की बाहेर येतो. आमच्या मते अख्ख्या तक्त्यात सर्वांत परिणामकारक मजकूर हाच आहे. बाकीच्या ओळींनी रॅम थांबत नाही. या ओळीने मात्र जबाबदारी एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते.

तेव्हा चिठ्ठीवाल्या गृहस्थांसाठी ती एक ओळ आम्ही पुन्हा लिहून दाखवतो. अभियंत्यांनी हवी तिथे सुधारावी. पायरी : अडकलेला नग काढणे, पाळीत सुमारे पंधरा वेळा (चालवणाऱ्याने सांगितलेला आकडा). धोका : फिरते चाक आणि झिजलेली पिन, यांमुळे पेडलशिवाय रॅम खाली येणे. उपाय : नग अडकू नये म्हणून डाय दुरुस्त करणे, चाक थांबल्याशिवाय उघडणार नाही अशी जाळी, उघडी असताना रॅमखाली लावायचा सेफ्टी ब्लॉक, पिन आणि स्प्रिंग ठरल्या तारखेला बदलणे, तोवर नगाचा आकडा कमी. आणि चौथा रकाना, जो छापलेलाच नसतो : हे कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कोणत्या खात्यातून. सही त्या रकान्याखाली घ्या, ज्याच्याकडे चेकबुक आहे त्याची. कामगाराची सही घ्यायचीच असेल तर पहिल्या रकान्याखाली घ्या, पायऱ्या बरोबर लिहिल्या आहेत एवढ्यापुरती.